कुंपणाच्या आत

वर्ध्याहून सेवाग्राम अवघे आठ किलोमीटर. तेथे माती, बांबू आणि कौले यांनी उभारलेली एक बसकी कुटी आहे. महात्मा गांधी १९३६ मध्ये शेगाव नावाच्या त्या लहानशा खेड्यात राहावयास आले आणि १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम असे झाले. आजही त्या कुटीत शिरणारा माणूस पादत्राणे बाहेर काढतो आणि कोणी न सांगता आपला आवाज खाली आणतो.

त्याच वर्ध्याहून मुंबईच्या लोहमार्गाने निघाले, की पुलगाव लागते. वर्धा नदीवरील पुलामुळे ज्याचे नाव पडले, ते हे गाव. तेथे भारतीय सेनेचे दारूगोळ्याचे प्रचंड कोठार आहे. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर त्या कोठारास आग लागली, आणि ती विझविताना सेनेचे अधिकारी, जवान व अग्निशामक दलातील माणसे मृत्युमुखी पडली. आसपासच्या खेड्यांतील लोक त्या रात्री मुलेबाळे उचलून घराबाहेर पडले होते.

एका जिल्ह्यात एकीकडे बापूंची कुटी आणि दुसरीकडे तोफगोळ्यांचे कोठार! सहलीहून परतताना मुले मला विचारीत, "गुरुजी, यांतले बरोबर कोणते?" या प्रश्नाचे उत्तर मी कधी एका वाक्यात दिले नाही, आणि आजही देणार नाही. त्याऐवजी एका महाराष्ट्रीय सेनापतीची हकीकत सांगतो. परंतु तिच्याआधी आमच्या गावच्या सुभेदारांविषयी थोडे सांगितले पाहिजे. कारण त्यांच्यामुळेच मी त्या सेनापतीच्या आठवणींकडे वळलो.

आमच्या गावी एक निवृत्त सुभेदार राहात. १९७१ च्या युद्धात ते पूर्व आघाडीवर होते. एका प्रजासत्ताक दिनी मी त्यांना शाळेत बोलाविले. मुले मैदानावर ओळीने बसली. सुभेदारांनी पूर्व बंगालमधील नद्यांचे वर्णन केले. चार चार दिवस ओले राहिलेले पायमोजे, चिखलात रुतलेल्या गाड्या, घरून आलेले पत्र पाच जणांनी मिळून कसे वाचावयाचे, हे सारे त्यांनी इतक्या गमतीने सांगितले, की मुले हसून हसून लोटपोट झाली. मग सातवीतील एक चुणचुणीत मुलगा उठला आणि त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही किती शत्रू मारले?"

सुभेदार एकदम थांबले. त्यांनी पाणी मागितले. पेला रिकामा करून खाली ठेवला, आणि ते घोड्यांच्या व खेचरांच्या निगेविषयी काहीतरी बोलू लागले. कार्यक्रम तेथेच आटोपला.

मी त्यांना घरापर्यंत पोचवावयास गेलो. वाटेत ते म्हणाले, "पोराचं काही चुकलं नाही जी, गुरुजी. त्याला मोजणी पाहिजे होती. आमच्यापाशी मोजणी आहे. पण ती वापस न आलेल्यांची आहे."

युद्धावर गेलेली माणसे पुष्कळ बोलतात, परंतु जे त्यांच्या मनात सर्वांत खोल असते, ते सहसा बोलत नाहीत. १९६२ च्या पराभवावर मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी मराठीत जो ग्रंथ लिहिला, त्याचे नावच 'न सांगण्याजोगी गोष्ट' असे आहे. नाव तसे असले, तरी त्यांनी ती गोष्ट सांगितलीच! सैनिक स्वतःच इतिहास लिहावयास बसतो, तेव्हा त्याला अशा न सांगण्याजोग्या गोष्टींपाशी येऊन थांबता येत नाही. मी ज्यांची हकीकत सांगणार आहे, ते लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांनीही वयाच्या ऐंशीच्या सुमारास, १९८६ मध्ये, आपले आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. पहाटेच्या बिगुलापासून सायंकाळच्या बिगुलापर्यंत, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. सैनिकाचा दिवस या दोन बिगुलांच्या मध्ये मावतो.

थोरातांचा जन्म १२ ऑगस्ट १९०६ रोजी कोल्हापूरकडील वडगाव येथे झाला. इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात शिकून १९२६ मध्ये ते सेनेत अधिकारी झाले. त्या काळी भारतीय तरुणास हा मान क्वचित मिळे. मिळाला तरी इंग्रज वरिष्ठांच्या मनात एक शंका सदैव घर करून असे. हे लोक शिस्तीने वागतील, हुकूम पाळतील. पण ऐन लढाईत आठशे माणसांची पलटण यांच्या हवाली करता येईल काय?

या शंकेचे उत्तर ब्रह्मदेशात मिळाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, जानेवारी १९४५ मध्ये, अराकानच्या किनाऱ्यावरील कांगाव या गावाजवळ जपानी सैन्याची माघारीची वाट तोडावयाची होती. तेथे पाठविलेल्या ५१ व्या भारतीय ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते. एक थोरात, दुसरे कूर्गचे थिमय्या आणि तिसरे एल. पी. सेन. अशी ब्रिगेड त्यापूर्वी कोणी पाहिली नव्हती. थोरातांच्या पंजाबी पलटणीकडे एक टेकडी घेण्याचे काम आले. नकाशावर इंग्रजांनी तिला 'मेलरोझ' असे नाव दिले होते. खंदकांत दबा धरून बसलेल्या जपानी सैनिकांशी संगिनींनी लढत ती टेकडी घ्यावी लागली. पुढे त्या तिघाही पलटणप्रमुखांस 'डी. एस. ओ.' हे मोठे शौर्यपदक देण्यात आले.

येथे एक गोष्ट तुमच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते. त्याच कांगावपाशी १७० क्रमांकाच्या टेकडीवर ब्रिटिश कमांडो सैनिकही मोठ्या शर्थीने लढले, आणि त्यांची कथा इंग्रजी पुस्तकांत विस्ताराने सांगितलेली असते. केवळ तेवढीच पुस्तके वाचणाऱ्यास कांगाव म्हणजे १७० क्रमांकाची टेकडी, असेच वाटेल. मेलरोझ कोणी घेतली, हे त्याच्या कानावरही जाणार नाही. यात कोणी मुद्दाम खोटे बोलले, असे नव्हे. जो तो आपण उभा होता त्या टेकडीवरून दिसले ते सांगतो. म्हणूनच दुसऱ्या टेकडीवरच्या माणसानेही लिहावे लागते.

परंतु थोरातांच्या आयुष्यातील जी घटना मला सर्वांत मोलाची वाटते, ती टेकडी जिंकण्याची नव्हे. ती घडली कोरियात, आणि तिच्यात गोळी झाडावयाची नव्हती.

डिसेंबर १९४९ मध्ये जगाच्या निरनिराळ्या देशांतील शांततावादी माणसे आपल्या सेवाग्रामला जमली होती. युद्ध कसे टाळता येईल, याचा त्यांनी विचार केला. ती मंडळी आपापल्या देशी परतून सहा महिने होतात न होतात, तोच २५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटले. उत्तर कोरियाच्या पाठीशी पुढे चीन उभा राहिला. दक्षिण कोरियाच्या बाजूने संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली अमेरिका व इतर देश लढले. लक्षावधी माणसे मेली. लढाई कोठेच पुढे सरकेना, तरी ती थांबेना. त्याचे एक मोठे कारण म्हणजे युद्धकैदी.

कैद्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. युद्ध संपले की त्यांना घरी पाठवावे! पण दक्षिणेकडील छावण्यांत असे हजारो चिनी व उत्तर कोरियाचे कैदी होते, की ज्यांच्याविषयी सांगण्यात येत होते की, त्यांना घरी जावयाचेच नाही. चीन व उत्तर कोरिया म्हणत, की त्यांना धाक घालून असे बोलावयास लावले आहे. अमेरिका म्हणे, की इच्छा नसता कोणालाही बळाने परत पाठविणे हा अन्याय आहे. खरे काय, ते त्या कैद्यालाच ठाऊक. आणि त्याला एकांतात, निर्भयपणे विचारावयाचे कोणी? दोन्ही बाजूंना थोडाफार तरी विश्वास वाटेल असा देश हवा होता. संयुक्त राष्ट्रांत या पेचातून वाट काढणारा ठराव भारताच्या वतीने कृष्ण मेनन यांनी १९५२ च्या अखेरीस मांडला होता. शेवटी २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे युद्धविराम झाला आणि हे काम भारताकडे आले. पाच तटस्थ राष्ट्रांचे एक मंडळ नेमण्यात आले. त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या. कैद्यांना प्रत्यक्ष सांभाळण्यासाठी सुमारे सहा हजारांचे भारतीय रक्षकदल पाठविण्यात आले. त्याचे प्रमुख मेजर जनरल थोरात. कांगावचे दोन सोबती पुन्हा एकत्र आले होते.

आता प्रवासाची मौज पाहा. हे दल मद्रासहून जहाजाने निघून कोरियाच्या इंचॉन बंदरापर्यंत पोचले. परंतु दक्षिण कोरियाचे वृद्ध अध्यक्ष सिंगमन री यांचा भारतावर भयंकर राग. भारत साम्यवाद्यांचा मित्र आहे, असे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकले होते. भारतीय सैनिकाचे पाऊल आपल्या भूमीला लागू द्यावयाचे नाही, असा त्यांचा हट्ट! तेव्हा बंदरात उतरून रस्त्याने जाण्याऐवजी हजारो जवानांना अमेरिकन विमानवाहू जहाजावरून हेलिकॉप्टरमध्ये बसवून, त्या देशाच्या डोक्यावरून उडवीत, दोन्ही सैन्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात नेऊन सोडावे लागले. त्या जवानांपैकी बहुतेकांनी तोवर हेलिकॉप्टर जवळून पाहिलेसुद्धा नसेल. ज्यांच्या साहाय्याला आपण आलो त्यांनीच दाराशी अडवावे, हे पाहून त्यांना काय वाटले असेल!

त्या मोकळ्या पट्ट्यात आपल्या लोकांनी तंबूंचे गाव वसविले आणि त्याला 'हिंदनगर' असे नाव दिले. सप्टेंबरमध्ये कैदी ताब्यात येऊ लागले. दक्षिणेकडून आलेले २२,६०४. त्यांत चौदा हजारांहून अधिक चिनी आणि बाकीचे उत्तर कोरियाचे. उत्तरेकडून आलेले अवघे ३५९. त्यांतही २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश होता. कैद्यांना काटेरी तारेच्या कुंपणांत ठेवलेले असे. एकेका कुंपणात सुमारे पाचशे.

मुलांनो, कैदी म्हटला की तो मान खाली घालून बसलेला असेल, असे चित्र तुमच्या डोळ्यांपुढे येईल. येथे तसे नव्हते. प्रत्येक कुंपणात कैद्यांचेच पुढारी होते, त्यांची कडक टोळी होती, गुप्त निरोपांची व्यवस्था होती. कोणी मायदेशी परतण्याची भाषा केली, तर त्याला मारहाण होई. काहींचे तर आतल्या आत खूनही झाले. ज्याला खरोखर घरी जावयाचे असे, तो रात्री जीव मुठीत धरून तार ओलांडी आणि भारतीय पहारेकऱ्याच्या पायाशी येऊन पडे. या हजारोंना भारतीय जवान म्हणजे आपल्याला शत्रूच्या हवाली करणारे लोक वाटत. शिव्या, घोषणा आणि दगड, हे त्यांचे रोजचे स्वागत. जवानाने मात्र सारे सोसावे आणि हात उगारू नये, असा हुकूम होता. दुसऱ्याच्या दारी पाहुणा म्हणून जाऊन शिव्या खाणे किती अवघड असते, याचा अनुभव तुमच्यापैकी काहींना असेलच!

२५ सप्टेंबर १९५३ रोजी चिनी कैद्यांच्या एका कुंपणात गोंधळ उसळला. कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्यास पकडून आत अडकवून ठेवले.

क्षणभर स्वतःला थोरातांच्या जागी कल्पून पाहा. कुंपणाबाहेर सशस्त्र जवान उभे आहेत. आत त्यांचा अधिकारी संतप्त जमावाच्या हाती सापडला आहे. गोळीबाराचा हुकूम दिला, तर तारेच्या आत दाटीवाटीने असलेली शेकडो माणसे मरतील. ग्रेवालही बहुधा वाचणार नाहीत. एवढ्याने भागणार नाही. इतर कुंपणांतील वीस हजार कैदी तारा तोडून बाहेर येतील, दोन्ही सैन्ये पुन्हा एकमेकांवर तुटून पडतील, आणि दोन महिन्यांपूर्वी थांबलेले युद्ध नव्याने पेटेल. हुकूम दिला नाही, तर उद्या दुसरा अधिकारी पकडला जाईल, परवा तिसरा. सेनापतीला विचार करावयास मिळतात ती थोडी मिनिटे. शाळेतील गणितासारखे पाटी पुसून पुन्हा मांडावे, असे तेथे नसते.

थोरातांनी तिसराच मार्ग धरला. मोजके सहकारी बरोबर घेऊन, कोणतेही शस्त्र जवळ न ठेवता, ते फाटक उघडवून कुंपणाच्या आत गेले. कैद्यांनी त्यांना गराडा घातला. घोषणांचा कल्लोळ चालला होता. थोरात त्यांच्यामध्ये उभे राहिले, आणि त्यांनी धमकी दिली नाही की विनवणीही केली नाही. पाहुणा घरी आला असता त्याला चहा-सिगारेटचे विचारावयाचे असते, तुमच्यात ही रीत नाही काय, अशा अर्थाचे काहीतरी त्यांनी त्या मंडळींना सुनावले. (सिगारेट ही चांगली वस्तू नव्हे, हे मी तुम्हांस सांगावयास नको, पण त्या दिवशी तिने चांगले काम केले, हेही खरे.) ज्या जमावाने आत्ताच एक माणूस ओलीस धरला होता, तो जमाव गोंधळला. एवढ्या मोठ्या हुद्द्याचा माणूस रिकाम्या हाताने आत येतो आणि आपल्याला आदरातिथ्याचे धडे देतो! चहा आला, सिगारेटही आल्या. आवाज खाली आले. बोलणी झाली, आणि मेजर ग्रेवाल सुखरूप सुटले.

त्या प्रसंगीच्या धैर्याबद्दल थोरातांना दुसऱ्या वर्गाचे अशोकचक्र मिळाले. १९६७ पासून त्याला कीर्तिचक्र म्हणतात. कांगावचे पदक टेकडी घेतल्याबद्दल होते, हे पदक कुंपणातून गोळी न झाडता बाहेर आल्याबद्दल. दोहोंपैकी कोणते अधिक अवघड, याचा निर्णय मी तुमच्यावर सोपवितो. माझे मत विचाराल, तर टेकडीवर चढताना माणसाच्या मागे पलटण असते.

गोष्ट येथेच थांबविली असती, तर ती ऐकावयास फार गोड झाली असती. पुष्कळ लोक ती येथेच थांबवितात. पण त्यानंतर आठवडाही झाला नव्हता, तोच १ आणि २ ऑक्टोबर रोजी कुंपणांत पुन्हा दंगे झाले, आणि या वेळी भारतीय पहारेकऱ्यांना गोळी झाडावी लागली. काही कैदी मेले, काही जखमी झाले. २ ऑक्टोबर म्हणजे कोणता दिवस, हे वर्धा जिल्ह्यातील मुलांस सांगण्याची गरज नाही. ज्या देशाचे सैनिक तेथे शांततेसाठी गेले होते, त्यांच्या हातून गांधीजयंतीच्या दिवशी निःशस्त्र नव्हे, पण बंदीत असलेली माणसे मारली गेली. पहारेकऱ्यांचे चुकले काय? जमाव तारेवर धावून आला, तर पहारेकऱ्याने काय करावे? मी या प्रश्नापाशी पुष्कळदा अडखळलो आहे. एवढेच म्हणता येते, की एकच धैर्य रोज रोज उपयोगी पडत नाही, आणि थोरातांनाही ते रोज उपयोगी पडले नाही.

पुढे हिवाळा आला. कोरियाची थंडी हाडे गोठविणारी. कैद्यांना एकेक करून तंबूत आणावयाचे, त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींनी त्यांना समजावून सांगावयाचे, आणि मग कैद्याने दोन दारांपैकी एक निवडावयाचे, अशी योजना होती. एक दार घराकडे, दुसरे घराला पाठ करून जाणारे. प्रत्यक्षात कैदी तंबूत यावयासच नकार देत. आले तर आरडाओरडा करीत. ठरलेल्या नव्वद दिवसांपैकी फार थोडे दिवस हे काम चालू शकले. २३ डिसेंबरला मुदत संपली. सुमारे सहाशे कैद्यांनी घराची वाट धरली. उरलेल्यांना जानेवारी १९५४ मध्ये, ज्या बाजूकडून ते आले होते तिच्याच स्वाधीन करण्यात आले. काम अर्धवटच राहिले, असे म्हणणे भाग आहे. तरीही भारतीय सैनिकांनी जो संयम दाखविला, त्याची अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मुक्तकंठाने प्रशंसा केली.

आणि अठ्ठ्याऐंशी कैदी असे निघाले, की त्यांना ना उत्तर हवी होती, ना दक्षिण, ना चीन. ते आपल्या सैनिकांबरोबर जहाजात बसून मद्रासला आले. त्यांतील काही पुढे ब्राझील व अर्जेंटिनाला गेले, काही भारतातच राहिले. ज्यांना दगड मारले, त्यांच्याच देशात ते घर शोधीत आले होते.

थोरात मायदेशी परतल्यावर चढत गेले आणि १९५७ मध्ये पूर्व विभागाचे सरसेनापती झाले. त्यांचे ठाणे लखनौला होते. आसाम-हिमालयाची सीमा त्यांच्या देखरेखीखाली आली. चीनने हल्ला केलाच, तर काय होईल, याचा त्यांनी १९५९ मध्ये कागदावर हिशेब मांडला. किती सैन्य लागेल, रस्ते कोठे नाहीत, सीमेवरची चिमुकली ठाणी टिकणार नसल्यामुळे खरा प्रतिकार कोठे करावा, हे सर्व त्यांनी लिहून वर पाठविले. मार्च १९६० मध्ये 'लाल किला' नावाचा युद्धाभ्यास घेऊन तो हिशेब पडताळूनही पाहिला. सरसेनापती थिमय्यांना तो पटला. कृष्ण मेनन आता संरक्षणमंत्री होते. त्यांना तो पटला नाही. ज्या मेनन यांच्या ठरावामुळे थोरातांना कोरियात जावे लागले होते, त्यांच्याच मेजापाशी थोरातांचा कागद येऊन थांबला, हा दैवाचा विलक्षण खेळ होय. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने हल्ला केला. त्यानंतरच्या महिन्याभरात आपल्या सैन्यावर जे ओढवले, त्यातील पुष्कळसे त्या कागदावर आधीच लिहिलेले होते. थोरातांनी आत्मचरित्रात सांगितले आहे, की युद्धाच्या दिवसांत नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले आणि तो अहवाल आपल्याला का दाखविण्यात आला नाही, अशी विचारणा केली.

आता तुम्हांस वाटेल, झाले तर मग! थोरात बरोबर होते आणि मेनन चूक. परंतु इतिहास असा एका साक्षीवर निकाल देत नसतो. आत्मचरित्र म्हणजे एका माणसाची साक्ष, आणि ती घटनेनंतर चोवीस वर्षांनी दिलेली. थोरातांच्या साक्षीला वजन येते ते दुसऱ्या कारणाने. तो अहवाल आणि तो युद्धाभ्यास दोन्ही हल्ल्यापूर्वीचे आहेत. शहाणपण युद्धानंतर सुचले नव्हते. १९६२ च्या युद्धाचा सरकारी इतिहास पुढे संरक्षण मंत्रालयाने लिहवून घेतला. त्याच्या दोन लेखकांपैकी एक, पुण्याचे कर्नल अनिल आठल्ये, स्वतः सैनिक. तो १९९२ मध्ये पुरा झाला, तरी अनेक वर्षे सर्वसामान्य वाचकाच्या हाती आला नाही. पराभवाचे कागद उघडावयास सरकारांना नेहमीच उशीर होतो. सैनिकाने लिहून ठेवलेले अशा वेळी उपयोगी पडते.

थोरात १९९२ मध्ये वारले. मी त्यांचे पुस्तक वाचले, ते आमच्या सुभेदारांचा तो कार्यक्रम होऊन गेल्यावर, आणि त्यातील कुंपणाचा प्रसंग पुढील वर्षी सातवीच्या वर्गाला सांगितला. ज्याने तो प्रश्न विचारला होता, तो मुलगा आता आठवीत गेला होता; पण तोही दाराशी उभा राहून ऐकत होता. त्या रविवारी तो एक वही घेऊन एकटाच सुभेदारांच्या घरी गेला. काय विचारावे, हे मी त्याला सांगितले नव्हते. सुभेदारांनीच मला मागाहून सांगितले. ओसरीवर बसून त्याने विचारले, "आजोबा, घरून आलेले पत्र तुम्ही पाच जण मिळून वाचीत होता ना? ते पाच जण कोण कोण?"

सुभेदारांनी पाचही नावे सांगितली. गाव, तालुका आणि जिल्हा यांसह. पोराने ती वहीत लिहून घेतली. मग त्याने दोन नावांपुढे, सुभेदार सांगत गेले तशा, तारखा लिहिल्या. दोन्ही डिसेंबर १९७१ मधल्या होत्या.

स्वाध्याय

१. सुभेदारांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही आणि दुसऱ्याचे दिले. असे का झाले असावे?
२. २५ सप्टेंबर १९५३ रोजी थोरातांपुढे कोणकोणते मार्ग होते? प्रत्येकात कोणता धोका होता?
३. कांगावच्या लढाईविषयी केवळ एकाच बाजूची पुस्तके वाचली, तर कोणती माहिती आपल्याला मिळणार नाही?
४. 'एका माणसाची साक्ष' कोणत्या कारणामुळे अधिक विश्वसनीय ठरते, ते १९५९ च्या अहवालाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
५. तुमच्या गावी सेनेतून निवृत्त झालेले कोणी राहात असल्यास, वडीलधाऱ्यांची अनुमती घेऊन त्यांना भेटा. जाण्यापूर्वी तीन प्रश्न लिहून काढा व ते गुरुजींना किंवा बाईंना दाखवा.